लॅम्प पेटतो, पण लेसर निघत नाही

प्रश्न : कॉलेजच्या प्रकल्पासाठी निओडिमियम-याग (Nd:YAG) लेसर बांधतोय. याग स्फटिकाचा रॉड ४ मिमी जाड, ५० मिमी लांब. रॉडला ऊर्जा देणाऱ्या झेनॉन फ्लॅश-लॅम्पची नळी आतून तेवढीच. ४७० मायक्रोफॅरडचे दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सिरीजमध्ये, ६०० व्होल्टवर. लॅम्प लख्ख पेटतो, लेसर मात्र निघत नाही. लॅम्पचं एक टोक काळं पडलंय. व्होल्टेज वाढवू का?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : अजिबात वाढवू नका. तुमच्याकडे आत्ताच सुमारे ४२ जूल आहेत आणि एवढ्या रॉडला ते भरपूर झाले.

आधी ते काळं टोक बघा. लॅम्प बहुधा उलटा जोडलाय. कॅथोड, म्हणजे निगेटिव्ह इलेक्ट्रोड, कोणता आणि ॲनोड कोणता, ते लॅम्पच्या माहितीपत्रकात बघा; नुसत्या आकारावरून ठरवू नका. उलट जोडला की ॲनोडचं टंगस्टन उडून काचेवर बसतं. तो लॅम्प बदलाच.

दुसरं, पल्सची लांबी, म्हणजे लॅम्पचा झोत किती वेळ टिकतो ते. यागमध्ये ऊर्जा साधारण २३० मायक्रोसेकंदच टिकते. इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध पल्स लांबवतो आणि बरीचशी ऊर्जा स्वतःच खातो. त्याऐवजी ८५ मायक्रोफॅरडचा, १००० व्होल्टचा पल्ससाठीचा फिल्म कपॅसिटर घ्या, ६९० व्होल्टला चार्ज करा आणि लॅम्पच्या सिरीजमध्ये ३० मायक्रोहेन्रीची हवेच्या गाभ्याची कॉइल टाका. व्होल्टेज थोडं जास्त, तरी ऊर्जा निम्मीच : २० जूल, पल्स १५० मायक्रोसेकंदांचा.

तरीही खरा संशय आरशांवरच. १ मिमी छिद्राच्या कार्डातून लाल लेसर रॉडच्या अक्षातून पाठवा. कार्ड एक मीटरवर ठेवा. मागचा आरसा, मग पुढचा, असं करत प्रत्येकाचं परावर्तन छिद्रातच परत आणा. आरशांवरचा लेप यागच्या १०६४ नॅनोमीटर या अदृश्य तरंगलांबीसाठी असतो, तो लाल प्रकाश बराचसा जाऊ देतो, त्यामुळे ठिपका फिका दिसेल; खोलीत अंधार करा. ठिपका मिलिमीटरभर सरकला तरी आरसा अर्धा मिलिरेडियन तिरका आहे. पुढचा आरसा ६० ते ७० टक्के परावर्तनाचा असू द्या.

थंड करायला डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी वापरा, नळाचं नको. मे महिन्यात बर्फ घालायचा मोह होईल, पण कूलरच्या दमट खोलीत रॉडच्या टोकांवर लगेच दव धरतं.

२० जूल जीवघेणे आहेत. हात लावण्यापूर्वी १० किलोओहमच्या वायरवाउंड रेझिस्टरमधून पाच सेकंद डिस्चार्ज करा, मीटरने शून्य बघा, मगच टर्मिनल शॉर्ट करा. किरण दिसत नाही, डोळा जाताना दुखतही नाही. १०६४ नॅनोमीटरसाठीचा, ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे किरण अडवण्याची क्षमता) ५ किंवा जास्तचा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाला हवा. साधा गॉगल चालणार नाही. लेसर निघाला की नाही, ते काळ्या फोटोपेपरवर पडलेल्या डागावरून ओळखा.