जाहिरातीची वेलांटी पहिली

खानापूरचा एक कॉलेजातला मुलगा विचारतो: ‘काका, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या सिनेमाच्या दोन प्रतिस्पर्धी तबकड्यांच्या भांडणावर प्रकल्प लिहितोय. दोन्ही बाजूंच्या मिसलीडिंग जाहीरातींना मराठीत काय म्हणू? फसव्या, भ्रामक की दिशाभूल करणाऱ्या?’

सांगतो, पण आधी ती वेलांटी पुसून ये. दुसरी नव्हे, पहिली हवी. जाहिरात. चार ओळींच्या पत्रात तीनदा ‘जाहीरात’ लिहिलंयस. तुझ्या एकट्याचा हा गुन्हा नाही म्हणा. बेळगावात खडेबाजारातून टिळकवाडीपर्यंत चालत जा, निम्म्या पाट्यांवर ही दुसरी वेलांटी लोंबकळताना दिसेल. कारणही उघड आहे. कन्नडमध्ये हा शब्द ‘जाहीरातु’ असा लिहितात, ‘ही’ दीर्घ. पेंटर वर कन्नड रंगवतो आणि खाली मराठी लिहिताना तीच वेलांटी उतरवतो. कन्नडमध्ये ती बरोबर आहे, मराठीत नाही. आपल्याकडे जाहीर दीर्घ, पण शब्द पुढे वाढला की ती आखडते: गरीब–गरिबी, वकील–वकिली, तसं जाहीर–जाहिरात. एवढं तर सातवीच्या पोरालाही यायला हवं.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मुळात अरबीत हा शब्द आहे ‘जाहिर’, आणि त्यातली ‘हि’ ऱ्हस्वच! मराठीत आल्यावर आपल्या लेखनाच्या रीतीनं ती ‘जाहीर’मध्ये लांबली आणि ‘जाहिरात’मध्ये परत जागेवर आली. म्हणजे आपण पहिली वेलांटी देतो तेव्हा नकळत अरबांचं शुद्धलेखन पाळत असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. घरच्यांचं मत वेगळं आहे, ते सोड.

अरबी ‘जाहिर’चा अर्थ दिसणारं, बाहेरचं, वरचं. त्याचा जोडीदार ‘बातिन’, म्हणजे आतलं, झाकलेलं. सूफी मंडळींच्या विचारात ही जोडी पदोपदी भेटते. आता शेवटचा ‘आत’ बघ. हा अरबीतला अनेकवचनाचा प्रत्यय. खैर म्हणजे भलं, खैरात म्हणजे भली कामं. जौहरचं अनेकवचन जवाहिर, आणि त्याच्यावर आणखी एक अनेकवचन चढवून जवाहिरात. माझ्या हिशेबी जाहिरात याच पंगतीला बसते: ‘वरवर दिसणाऱ्या गोष्टी’. मराठीनं तिला एकवचनी स्त्री करून टाकलं, खैरातीसारखंच. तेव्हा आपण ‘जाहिराती’ म्हणतो ते अनेकवचनाचं अनेकवचन. आणि आत काय आहे याची हमी या शब्दानं कधी घेतलेलीच नाही, तो बिचारा ‘बाहेरचं तेवढं दाखवतो’ असंच सांगतोय.

निपाणीकडचे एक जाणकार मात्र दर सभेत ठोकून देतात की हा शब्द ‘जाहीर’ आणि ‘रीत’ मिळून झाला, दवंडी पिटण्याची जाहीर रीत होती म्हणून. मग खैरात म्हणजे खैराची रीत काय? आणि वरात? मी त्यांना हे विचारलं तेव्हा त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता, व्युत्पत्ती नव्हती.

दुसरा वाद याहून वजनदार आहे. विजापूरच्या आदिलशाहीतून, दरबारी फारसीतून हा शब्द थेट कन्नडमध्ये उतरला असं काही विद्वान मानतात. ‘जाहीर’ तसा उतरला असेल, ना नाही. पण पैसे मोजून आपल्या मालाची वाहवा छापून आणणं, हा जाहिरातीचा आजचा अर्थ छापखान्याच्या आधीचा कसा असेल? आणि नकाशा बघ की. मराठीत जाहिरात, गुजरातीत जाहेरात, कन्नडमध्ये जाहीरातु. हिंदीत विज्ञापन, उर्दूत इश्तिहार, तेलुगूत प्रकटन, तमिळमध्ये विळंबरम्. शेजारी गोवळकोंड्याची कुतुबशाही असूनही तेलुगूनं हा शब्द या अर्थानं घेतला नाही. मराठी, गुजराती आणि आपल्याकडची कन्नड यांना बांधणारा दोरा एकच, जुना मुंबई इलाखा. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबईलाच जोडलेले होते. तेव्हा हा अर्थ मुंबई-पुण्याच्या छापखान्यांतून घाट चढून आमच्या वाटेनं कन्नडमध्ये गेला असं माझं मत आहे. मग म्हैसूरकडचे लोक तो कसा वापरतात, असं विचारशील. विचारू नकोस.

अरे हो, तुझा प्रश्न.

‘भ्रामक’ हिंदीला ठेव. ‘भ्रामक विज्ञापन’ तिकडे शोभतं. आपल्याकडे सरकारी कागदांतसुद्धा ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ रुळली आहे. राहिले दोन शब्द, आणि त्यांची सरमिसळ ऐकून माझं डोकं उठतं. धडधडीत खोटं छापलं तरी टीव्हीवरचे म्हणतात ‘दिशाभूल झाली’. खोटं बोलला तर ती थाप, फसवणूक. दिशाभूल करायला खरं बोलावं लागतं. वाटसरूला सांगितलेली खूण खरीच असते, फक्त तिच्यामागून गेलेला माणूस भलत्याच गावाला पोचतो. कन्नडमध्ये याला ‘दारी तप्पिसुव’ म्हणतात, वाट चुकवणारी. त्यांची दारी म्हणजे वाट, आपली दारी म्हणजे दारात. जाहिरात आपल्या दारी येते आणि त्यांची दारी चुकवते, असं आमच्या सीमाभागातच बोलता येतं.

आता तुझी उदाहरणं या दोन शब्दांवर घासून बघ. २००६ साली तोशिबाचा एचडी-ए१ हा एचडी डीव्हीडी प्लेअर आला. तबकडीवर सिनेमा १०८०पी, म्हणजे चित्राच्या १०८० ओळी एकदम, असा साठवलेला, हे खरं. पण त्या प्लेअरमधून टीव्हीकडे जायचं ते १०८०आय, म्हणजे एका वेळी एक सोडून एक अशा निम्म्याच ओळी. चांगला टीव्ही त्या ओळी पुन्हा नीट जुळवू शकायचा, हेही सांगायला हवं. तरीही तबकडीचा आकडा प्लेअरच्या गळ्यात बांधला तर ती दिशाभूल. दुसरी बाजूही काही सोवळी नव्हती. ब्लू-रेवाले ५० जीबीचा डंका पिटत होते, पण २००६च्या जूनमध्ये आलेले पहिले सिनेमे २५ जीबीच्या एकपदरी, म्हणजे एकाच थराच्या, तबकड्यांवर होते. दुपदरीत ५० बसतात हे खरंच, हातात पडली ती मात्र एकपदरी. तोशिबानं पुढच्या वर्षी ५१ जीबीची तीनपदरी तबकडी जाहीर केली, ती दुकानात कधी आलीच नाही. तिला ना थाप म्हण ना दिशाभूल, ती बोलाची कढी आणि बोलाचाच भात. (तबकडीतलं ‘तबक’ही अरबी, आणि त्याच धातूतून ‘थर’ या अर्थाचा शब्द येतो. सगळं भांडण थरांचंच होतं, हे त्या शब्दाला आधीच ठाऊक असावं.)

नावांचंही तेच. एचडी डीव्हीडी या नावात डीव्हीडी आहे, म्हणून घरच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरमध्ये ती चालेल असं वाटणं साहजिक, पण तिची एचडी बाजू त्यात चालत नसे. आणि ब्लू-रे? ‘निळा किरण’ जसा काही एकट्या यांच्याच मालकीचा. दोन्ही तबकड्या ४०५ नॅनोमीटरच्याच लेझरनं वाचल्या जायच्या, आणि तो रंग निळ्यापेक्षा जांभळाच जास्त. इंग्रजी ब्लूमधला ‘ई’सुद्धा व्यापारचिन्ह नोंदवता यावं म्हणून गाळलेला. म्हणजे रंगही पुरता खरा नाही आणि स्पेलिंगही.

तिसरी जात गप्प बसण्याची. नोव्हेंबर २००७च्या आधीचे ब्लू-रे प्लेअर जुन्या प्रोफाइलचे, म्हणजे जुन्या नियमावलीचे, चालायचे, त्यांना चित्रात चित्र दाखवता यायलाच हवं अशी अट नव्हती. नवे आले त्यांच्यावरही नाव ब्लू-रेच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही दिशाभुलीतच मोजलंय, ते मला पटतं. वाटेवरचा फलक काढून ठेवला तरी वाट चुकतेच की.

मला हे सगळं तोंडपाठ का, तर मी स्वतः पोळलोय. त्याच सुमाराला इथल्या एका दुकानातून ‘एचडी रेडी’ टीव्ही आणला. रेडी म्हणजे तयार, मग अजून काय पाहिजे? पुढे कळलं, युरोपात २००५ साली ठरलेल्या त्या शिक्क्याला ७२० ओळी पुरायच्या. माझ्या पडद्यावर ७६८ होत्या, १०८० नव्हत्या. दुकानदार म्हणाला, ‘खोटं काय सांगितलं काय तुम्हाला?’ नव्हतंच सांगितलं. म्हणून तर हा शब्द इतका चपखल बसतो.

जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीनं यापुढे फक्त ब्लू-रे असं जाहीर केलं, १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात टेकले. तोवर मी एकही एचडी डीव्हीडी डोळ्यांनी बघितली नव्हती, अजूनही नाही.

प्रकल्प छापायला टाकायच्या आधी एकदा घेऊन ये. वेलांट्या मी बघतो.