उसातली पिल्लं, नदीतली मगर, शिराळ्याचा नाग : तुमचे प्रश्न

या वेळची पत्रं बघितली तर निम्म्याच्या वर सातारा-सांगलीकडचीच, त्यामुळे अंक तिकडचाच करून टाकू म्हटलं. पत्रं थोडी कापलीत, नावं नेहमीप्रमाणे काढलीत.

प्रश्न : ताई, आमचं रान कराडजवळ आहे. ऊसतोड चालू असताना टोळीतल्या बायकांना सरीत बिबट्याची तीन पिल्लं सापडली, मांजराएवढी. आम्ही घरी आणली, कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं, पोरांनी फोटो काढले. मग वनखात्याची माणसं आली आणि संध्याकाळी पिल्लं परत आमच्याच उसात नेऊन ठेवली! रात्री आई येऊन नेईल म्हणे. आमच्या घरात लहान पोरं आहेत, टोळी फडाच्या कडेलाच झोपते. प्राणीसंग्रहालयात द्यायला काय झालं होतं? आणि माणसाचा वास लागला की आई पिल्लू घेत नाही ना?

उत्तर : घाबरणं साहजिकच आहे, पण वनखात्यानं जे केलं ते तुमच्या पोरांच्या दृष्टीनंच जास्त बरं केलं. पिल्लं उचलून नेली म्हणून मादी गप निघून जात नाही हो, ती तिथंच घुटमळते, रात्री हाका मारत फिरते, वास काढत वस्तीपर्यंत येते, आणि पिल्लं हरवलेली मादी वस्तीभोवती फिरतेय ही सगळ्यात वाईट परिस्थिती. पिल्लं जागेवर मिळाली की ती एकेक करून तोंडात धरून नेते आणि बहुतेक वेळा तो फडच सोडते कारण तिच्या लेखी ती जागा आता धोक्याची झालेली असते. जुन्नर भागात आणि तुमच्या कराड-पाटण पट्ट्यात हे कितीतरी वेळा झालंय, प्लॅस्टिकच्या कॅरेटमध्ये पिल्लं ठेवायची, ट्रॅप कॅमेरा लावायचा आणि माणसांनी लांब जायचं. कधी पहिल्या रात्री येत नाही, मग दुसऱ्या रात्री परत ठेवतात. तेवढे दोन दिवस टोळीची खोपटी लांब हलवा आणि तोड थांबवा, कारखान्याची स्लिप आलीय, मुकादम ओरडतोय हे सगळं मला माहितेय, तरी थांबवा.

वासाचं खोटं आहे. माणसांनी हाताळलेली पिल्लं मादीनं नेल्याचं कॅमेऱ्यात कितीदा तरी आलंय.

प्राणीसंग्रहालयाचं म्हणाल तर पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतं, शिकार करायला तिच्याकडूनच शिकतं. माणसाच्या हातात वाढलेलं पिल्लू पुढं रानात सोडताच येत नाही, म्हणजे जन्मभर पिंजरा. आणि गाईच्या दुधानं त्यांना जुलाब लागतात. तुम्ही मायेनंच पाजलं असणार, पण माया करायची तर ती समोरच्याच्या सोयीनं करायला लागते, आपल्याला बरं वाटतं म्हणून नाही. पिल्लू दिसलं की हात लावायचा नाही, जागेवर राहू द्यायचं, फडातनं सगळी माणसं बाहेर काढायची आणि १९२६ ला फोन करायचा, वनखात्याची हेल्पलाइन आहे ती. सेल्फी तर नकोच, फोटो ग्रुपवर गेला की अर्ध्या तासात बांधावर जत्रा भरते आणि मग मादी कशाला येतीय.

अजून एक. बिबट्या 'जंगलातनं आला' असं आपण म्हणतो पण तुमच्या उसातला बहुतेक तिथंच जन्मलेला असतो. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने उभा राहतो, मादीचा गाभणकाळ साधारण तीन महिन्यांचा, म्हणजे पिल्लं होऊन ती हिंडाफिरायला लागेपर्यंत ऊस हलत नाही. दाट आडोसा, पाटाचं पाणी, खायला वस्तीवरची कुत्री, डुकरं, बांधलेली शेळी. त्याला आणि काय पाहिजे? त्यामुळे 'पकडून चांदोलीच्या जंगलात सोडा' यानं काही सुटत नाही, एकाची जागा मोकळी झाली की दुसरा येतो, आणि सोडलेला तिकडं अनोळखी मुलखात गोंधळ घालतो किंवा सरळ परत चालत येतो.

करायचं काय, तर तोड एकाच बाजूनं सुरू करायची, दुसरी बाजू मोकळी ठेवायची म्हणजे जनावराला निघायला वाट राहते, चारी बाजूंनी तोडत आत आलात तर शेवटच्या तुकड्यात ते कोंडलं जातं आणि अंगावर येतं. रेडिओ, गाणी, बोलणं चालू ठेवा. पोरांना फडाच्या कडेला झोपवू नका. अंधारात बाहेर बसायला जाताना दोघं जा, बॅटरी घ्या, कारण वाकलेलं किंवा बसलेलं माणूस बिबट्याला माणसासारखं दिसतच नाही. गोठ्याला जाळी करा, वरनंसुद्धा. जनावर मारलंच तर ते हलवायचं नाही, लगेच वनखात्याला कळवायचं, पंचनामा झाला की भरपाई मिळते. हेलपाटे पडतात, पण मिळते.

प्रश्न : मळा भिलवडीजवळ कृष्णेकाठी. मोटर पाणी ओढेना की फुटवॉल (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) बघायला नदीत उतरावं लागतं आणि समोर मगर पसरलेली. वडील म्हणतात पूर्वी एवढ्या नव्हत्या, पुरात कुठनंतरी आल्या. सगळ्या पकडून दुसरीकडं का नेत नाहीत?

उत्तर : दुसरीकडं म्हणजे कुठं? जिथं न्याल तिथं पण कोणाचीतरी मोटर असणारच. आणि मगर नेऊन सोडली तरी ती आपल्या जागेकडं परतायला बघते. तुमच्या वडिलांचं निम्मं बरोबर आहे, पूर्वी कमी होत्या, कारण कातड्यासाठी मारून जवळपास संपवल्या होत्या. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, शिकार बंद झाली आणि हळूहळू वाढल्या. ही आपल्या गोड्या पाण्याची मगर, नदी मूळची तिचीच. पुरात त्या इकडच्या तिकडं होतात हे मात्र खरं, २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीकरांनी त्या रस्त्यावर बघितल्यात.

पण भीती खोटी नाही. कृष्णाकाठी मगरीनं माणसं नेलीत, त्यामुळे 'ती काही करत नाही' असलं गोड बोलणाऱ्यांकडं लक्ष देऊ नका. तिचा दिनक्रम कळून घ्या म्हणजे झालं. थंडीत सकाळी ती काठावर ऊन खात पडते कारण तिला अंग तापवायला बाहेरचीच ऊब लागते, तेव्हा ती लांबनं दिसते तरी. खरी सांभाळायची वेळ उन्हाळ्यात. थंडी सरली की मादी काठाच्या मऊ मातीत खड्डा करून वीस-तीस अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला पावसाळ्याचं तोंड उजाडतं, आणि तोवर ती घरट्याजवळ पहारा देते. मळा तुमचा काठावर, घरटं पण काठावर. त्यात आपण वाळू उपसून उपसून तिच्या पसरायच्या जागा संपवल्यात, मग ती घाटावर आणि शेतात दिसते आणि आपण म्हणतो मगरी लय वाढल्या. हॉटेलचं, चिकनच्या दुकानाचं उरलंसुरलं नदीत टाकणारे तर तिला जेवायलाच बोलवत असतात, गावात आधी त्यांना धरा.

फुटवॉलचं म्हणाल तर तो तराफ्यावर किंवा दोरीवर घ्या, म्हणजे काठावरनं ओढून साफ करता येतो. उतरायचंच असलं तर दुपारी, दोघांनी, आधी थोडा वेळ नुसतं पाणी बघून. संध्याकाळी पाण्याकडं तोंड करून उकिडवं बसायचं नाही, धुणं असो, भांडी असो. जिथं रोजचं धुणं आहे त्या घाटाला पाण्यात लोखंडी जाळीचं कुंपण करून मागा, ग्रामपंचायतीकडनं. मगरी हलवा म्हणून निवेदन देण्यापेक्षा हे लवकर होईल.

प्रश्न : आम्ही मूळचे बत्तीस शिराळ्याचे, आता पुण्यात. आजोबा नाग धरायचे, नागपंचमीच्या आधी रानातनं आणून मडक्यात ठेवायचे आणि सण झाला की जिथला तिथं सोडायचे, कधी एक मारला नाही. माझ्या मुलीला शाळेत शिकवलं की हे क्रूर आहे. ती विचारते पणजोबा वाईट होते का. काय सांगू?

उत्तर : पणजोबा वाईट नव्हते हे आधी सांगा, आणि ते खरंच आहे. बाकी गावात नाग दिसला की काठी शोधतात, शिराळ्यात पिढ्यानपिढ्या नाग मारत नाहीत, गोरखनाथांची कथा घराघरात माहीत आहे, मातीच्या नागाला पूजणाऱ्या बाईला खरा नाग पुजायला मिळाला ती. नाग कुठल्या बांधात असतो, वारुळात आत्ता आहे का नाही, हे ज्यांना पायाखालच्या मातीवरनं कळायचं अशी माणसं होती ती.

पण मुलीचं म्हणणंही टाकून देऊ नका. नागपंचमी येते श्रावणात आणि तोच काळ नागाची अंडी उबायचा, पिल्लं बाहेर पडायचा. मादी अंड्यांजवळ थांबते, तिला नेमकं तेव्हाच उचलायचं म्हणजे अंडी उघड्यावर. त्यात मडक्यात कोंडणं, ढोलताशे. ढोलाचा दणका त्याला जमिनीतनं सगळ्या अंगात बसतो. आजोबांच्या वेळी हे घराघरातलं होतं, पुढं पुढं ट्रकवरची मिरवणूक, मोठा नाग कोणाचा याची स्पर्धा, डीजे, आणि मला विचाराल तर तिथंच नागाचा सण संपून माणसांचा सुरू झाला. न्यायालयानं जिवंत नागाच्या खेळाला बंदी केली त्याचं मला वाईट वाटलं नाही. २०२५ मध्ये केंद्रानं २१ जणांना नाग धरायची परवानगी दिली पण ती परंपरेची माहिती पुढच्या पिढीला देण्यापुरती, स्पर्धा-मिरवणूक नाहीच. मला हे बरं वाटलं, कारण धरायची विद्या गेली तर उद्या घरात निघालेला नाग काठीनंच मरणार.

दुधाचं मुलीला नक्की सांगा, नाग दूध पीत नाही. तहानेनं मरायला टेकला तर समोर येईल ते पितो आणि ते त्याला बाधतं. त्याला उंदीर लागतात, आणि आपल्या रानात ते भरपूर आहेत. तिला शिराळ्याला न्या एकदा, पण सणाला नको, एरवी न्या, आजोबा कुठल्या बांधावर बसायचे ते दाखवा. आणि नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखायला शिकवा, कारण दवाखान्यात मिळणारं अँटीव्हेनम, म्हणजे विषावरचं औषध, याच चौघांवरचं आहे. चावलं तर मंत्र-तंत्र, ब्लेडनं कापणं काही नाही, हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना.

प्रश्न : आमचं गाव कास पठाराच्या अंगाला. बाप-आज्यापासून म्हशी पठारावर चरल्या. मग वारसा यादीत नाव आलं, तारेचं कुंपण आलं आणि आमची जनावरं वाईट ठरली. गाड्या घेऊन येणारे हजारो लोक चालतात होय?

उत्तर : तुमची चीड बरोबर आहे, एवढं आधी म्हणते. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं, साडेआठशेच्या आसपास फुलझाडांच्या जाती, पण ते पठार म्हशींसकटच तसं झालं होतं. जांभ्यावर मातीचा नुसता पापुद्रा, त्यात वीतभर उंचीची फुलं, सीतेची आसवं काय, किडे खाणारा दवबिंदू काय, सगळी बुटकी मंडळी. चराई थांबली की गवत वाढतं, आणि गवत वाढलं की यांना ऊन मिळत नाही. कुंपणानंतर फुलं कमी झाली अशी ओरड गावकऱ्यांची होती तशी अभ्यासकांचीही होती, आणि शेवटी कुंपण काढलं. म्हैस बिचारी चरून पुढं जाते, फुलात लोळून रील काढत नाही.

पण मोकाट चराईही नको हं, ऐन फुलोऱ्यात जनावरं आत घातली तर बी धरायच्या आधीच खेळ संपतो. किती जनावरं, कुठल्या महिन्यात, कुठल्या बाजूला, हे तुमच्या जुन्या माणसांना माहीत असेल, ते लिहून काढून वन व्यवस्थापन समितीपुढं ठेवा. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घालता येते तर म्हशींचंही वेळापत्रक करता येईल की. (आणि एका वाचक ताईंनी कासची रोपं सांगलीच्या कुंडीत लावायला मागितलीत. ताई, नाही. टोपली कारवी सात वर्षांतनं एकदा फुलते, तुमच्या गच्चीवर सात महिने टिकायची नाही.)

प्रश्न : वाईत जुनं घर आहे, भिंतीच्या भोकात मधमाश्या बसल्यात. पेस्ट कंट्रोलवाला पावडर मारू म्हणतोय. मारू का?

उत्तर : नका मारू. भोकात, अंधारात घर करतात त्या बहुतेक सातेरी, गरीब स्वभावाच्या, छेडलं नाही तर चावत नाहीत आणि पेटीत राहतात. झाडाच्या फांदीला किंवा इमारतीच्या छज्जाखाली उघड्यावर मोठं काळं पोळं लोंबतं ती आग्या, तिच्या वाटेला मात्र कुणी जायचं नाही. तुमच्यापासनं वर महाबळेश्वर आहे, तिथं खादी ग्रामोद्योगचं मध संचालनालय आहे, आणि जवळच मांघर, जे २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिकडच्या मधपाळाला बोलवा, तो भोक थोडं मोठं करून राणीसकट वसाहत पेटीत घेईल, संध्याकाळी केलं म्हणजे रानातल्या माश्याही परतलेल्या असतात. मग भोक लिंपून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी येऊन बसतील. पेटी ठेवून घ्यायची इच्छा झाली तर परसात सावलीला ठेवा आणि स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा, मुंग्या चढतात.