बायोप्सीच्या तुकड्यातून माणसाबद्दल काय कळतं?

तुम्ही विचारलंय, "पॅथॉलॉजी म्हणजे रक्त-लघवीची तपासणीच ना? गाठीचा तुकडा पाहून कॅन्सर आहे की नाही यापलीकडे काय कळतं?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे, रोज हेच काम करते, म्हणून लिहिते.

तुकडा फॉर्मलिनमध्ये (तो कुजू नये म्हणून वापरायच्या द्रावात) मुरतो, मेणात बसवला जातो, मग त्याचे ३-४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाडीचे काप काढून रंगवतात. पेशींची केंद्रकं निळी दिसतात, बाकीचं गुलाबी. रिपोर्टला दिवस लागतात ते यामुळे.

आता तुमचा खरा प्रश्न. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर हे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांनी आणि सूर्याबाईंनी १९४५ साली एक निबंध लिहिला. विषय होता लोकांच्या सवयी आणि त्यांतून होणारे तीन कॅन्सर. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, पेटतं टोक तोंडात धरून ओढतात, तिथे टाळूचा. तंबाखू-चुन्याची गोळी ओठाआड धरणाऱ्यांना ओठाचा. आणि तिसरा धोतराचा! वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसलेलं धोतर कमरेची कातडी घासतं. आधी तिथला रंग बदलतो, कातडी जाड होते, खवले धरतात, कधी जखम होते आणि भरत नाही. क्वचित त्यातूनच कॅन्सर उद्भवतो. परकराच्या नाडीनेही हेच होतं, म्हणून साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तो आढळला आहे.

मला हा निबंध फार मोलाचा वाटतो. कमरेवरचा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर) स्लाइडवर इतर ठिकाणच्या कार्सिनोमासारखाच दिसतो. धोतर काही भिंगाखाली दिसत नाही. गाठ नेमकी कुठे आहे आणि तो माणूस काय नेसतो, काय ओढतो, हे कुणीतरी विचारलं म्हणून कारण सापडलं.

आणि आमच्याकडे तुकड्यासोबत येणाऱ्या फॉर्मवर बहुतेक वेळा नाव, वय आणि 'गाठ' एवढंच असतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. बायोप्सी करायची वेळ आली तर डॉक्टरांना आपला व्यवसाय, तंबाखू-सुपारी, गाठ किती दिवसांची आहे, आधी काय उपचार झाले, हे सगळं सांगा आणि फॉर्मवर लिहायला लावा. घरात आजी असेल तर तिच्या कमरेवरचा नाडीचा वळ एकदा बघा. नाडीऐवजी रुंद पट्टा लावता येतो, नाडी बांधायची जागा बदलता येते. तिथली जखम महिनाभरात भरली नाही, तर मलम लावत बसू नका, तुकडा तपासायला पाठवा.