'असमर्थनीय' म्हणजे काय? 'अक्षम्य'ऐवजी चालेल का?

'असमर्थनीय' म्हणजे ज्याचं कुठल्याही कारणाने समर्थन करता येत नाही असं. 'अक्षम्य'ऐवजी तो सरसकट चालणार नाही. 'वाचनीय', 'दंडनीय'मधला 'अनीय' प्रत्यय इथेही आहे: समर्थन करण्याजोगं ते समर्थनीय, त्याला नकाराचा 'अ'. 'अक्षम्य'मध्ये प्रश्न माफीचा, इथे कारणाचा. 'आजाऱ्याला तीन तास रांगेत उभं ठेवणं असमर्थनीय आहे' म्हणजे गर्दी, अपुरी माणसं, कुठलीच सबब पुरत नाही. माफी मागितली तर मिळेलही. मुद्रितशोधनात मला 'असमर्थ'शी गोंधळ वारंवार दिसतो. तो शब्द माणसाच्या कुवतीचा, हा कृतीचा किंवा निर्णयाचा. मात्र शब्द लेखी वळणाचा आहे. बोलताना 'याचं समर्थन होऊच शकत नाही' हेच जास्त नेमकं पोचतं.