बी.ए. झालंय, विशेष शिक्षक व्हायचंय पण या फील्डमधलं ओळखीचं कुणीच नाही, सुरुवात कुठून करू?

मी बीड जिल्ह्यात हेच काम करते म्हणून लिहायलेय. कागदाचं आधी सांगते. बी.ए. झालंय म्हणजे तुम्हाला 2 वर्षांचं स्पेशल बी.एड. आणि नंतर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, 1992 च्या कायद्यानं ती नसेल तर विशेष शिक्षक म्हणून काम करता येत नाही. बारावीवाल्यांसाठी स्पेशल डी.एड. आहे.

पण ओळखी नाहीत म्हणताय ना, माझ्याही नव्हत्या. आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंच्या मागं मागं फिरून सुरुवात झाली. कोणत्या घरात दिव्यांग लेकरू आहे, कोण पाहुणे आले की त्याला आतल्या खोलीत बसवतं, हे ताईला आणि आशाताईला जेवढं माहीत असतं तेवढं कोणत्याच सर्व्हेत नसतं. त्यांच्यासोबत गेलं की लोक दार उघडतात, चहा टाकतात, मग बोलतात.

खरं शिकवलं ते या लेकरांच्या आयांनी. एकीचा पोरगा बौद्धिक अक्षमतेचा, शर्ट घाल म्हणलं की नुसता उभा. ती सगळी बटणं स्वतः लावायची आणि शेवटचं तेवढं त्याच्याकडून लावून घ्यायची, ते जमलं की शेवटची दोन, मग तीन, त्यामुळं दर वेळी काम पूर्ण केल्याची खुशी त्याचीच. पुढं बी.एड.ला हेच बॅकवर्ड चेनिंग नावानं आलं तेव्हा मला हसूच आलं. या बाईनं कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही बघा.

आमच्याकडं अजून एक भानगड म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या आगंमागं आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, लेकरू आजीजवळ राहतं नाहीतर फडात जातं आणि शिकवलेलं सगळं मोडतं. म्हणून आजीला आधीच हाताशी धरायचं, आईला व्हॉट्सअपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, कारण टाइप केलेलं कितीजणी वाचणार.

पगाराचं खोटं सांगत नाही, बरीच पदं कंत्राटी आहेत, मानधनाची वाट बघावी लागते.

तर ॲडमिशनच्या आधी तालुक्याच्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाचं, म्हणजे दिव्यांग लेकरांना साध्या शाळेत सगळ्यांसोबत शिकवायचं काम बघणारे विशेष शिक्षक कोण ते विचारा, त्यांच्यासोबत गृहभेटींना जाऊ देता का म्हणा, बहुतेक नाही म्हणत नाहीत, एकट्यानं फिरून तेही कंटाळलेले असतात. आणि कॉलेजला आरसीआयची मान्यता आहे का ते आरसीआयच्याच साइटवर बघूनच फी भरा, एजंटच्या तोंडी गॅरंटीवर नको.