गाईला जुळं झालं, एक खोंड आणि एक कालवड. शेजारी म्हणतात कालवड वांझ निघणार. ठेवू की विकू?

शेजारी म्हणतायत ते बहुतेक खरं निघतं, पण आत्ताच विकायची घाई करू नका, आधी तपासून घ्या. खोंडाच्या जोडीला जन्मलेल्या दहातल्या नऊ तरी कालवडी गाभण राहत नाहीत. त्यांना फ्रीमार्टिन म्हणतात.

होतं काय, पोटात असताना महिना-दीड महिन्यातच दोन्ही वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जुळतात आणि दोघांचं रक्त एकमेकांत फिरायला लागतं, आणि खोंडाच्या वृषणातून एक हार्मोन निघतं (अँटी-म्युलेरियन) ज्याचं कामच नराच्या पोटात गर्भाशय होऊ न देणं, तेच बहिणीकडे पोचतं आणि तिचंही गर्भाशय वाढायचं थांबतं, अंडाशयंही नीट होत नाहीत. खोंडाचं हार्मोन रक्तातून कालवडीकडे जातं, हे शिकागोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ मध्येच मांडलं होतं. माणसांच्या मुलगा-मुलगी जुळ्यांत सहसा असं जोडलं जात नाही, त्यामुळे घरात कोणी घाबरवलं तर ऐकू नका.

आमच्याकडे अशीच एक होती. दिसायला देखणी, अंगाने भरलेली, फक्त निरणाच्या (योनीच्या) खालच्या टोकाला केसांचा लांब झुपका होता, आम्ही तिकडे लक्षच दिलं नाही. बावीस महिने झाले तरी माजावर येईना. शेवटी डॉक्टरांनी आत हात घालून पाहिलं आणि म्हणाले गर्भाशय हाताला लागतच नाही. दोन वर्षांचा चारा, खुराक सगळा गेला, आणि माझ्या आईला त्या कालवडीचा इतका लळा लागला होता की घरात चार दिवस कोणी नीट जेवलं नाही.

म्हणून सांगतो, महिन्याची झाली की डॉक्टरांना बोलवा. ते बोथट टोकाची स्वच्छ नळी वंगण लावून निरणातून हळूच आत घालतात, चांगल्या कालवडीत साधारण १३ ते १५ सेंमी जाते, फ्रीमार्टिनमध्ये ५ ते ८ वरच अडते. हे स्वतः करू नका, इजा होते. शंका राहिली तर रक्त तपासून त्यात नराच्या पेशी आहेत का ते कळतं.

फ्रीमार्टिन निघाली आणि विकायची ठरवली तर घेणाऱ्याला स्पष्ट सांगा, नाहीतर तोही आमच्यासारखा दोन वर्षं वाट बघत बसेल. आणि एक, जुळ्यातला खोंड पोटातच जिरला तर एकटी जन्मलेली कालवडही अशी निघू शकते, तेव्हा वेळेवर माजावर आली नाही तर हेही डोक्यात ठेवा.