विगन वॉरियर्स या इंग्लिश रग्बी लीग क्लबचा इतिहास काय आहे आणि त्यातले कोणते खेळाडू माहीत असायलाच हवेत?

विगन हे मँचेस्टरच्या पश्चिमेला असलेलं कोळसाखाणी आणि कापडगिरण्यांचं गाव. क्लबची स्थापना १८७२ ची. शनिवारी रग्बीचा सामना खेळायचा तर कामगाराची मजुरी बुडायची. तिची भरपाई मिळावी, ही उत्तरेकडच्या क्लबांची मागणी रग्बी चालवणाऱ्या दक्षिणेकडच्या धुरिणांनी फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डमध्ये २२ क्लबांनी वेगळी चूल मांडली. विगन त्यांतलाच एक. १९०६ मध्ये या संघटनेने प्रत्येक संघातले खेळाडू १५ वरून १३ केले आणि रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ आकाराला आला.

जुन्या काळातली दोन नावं आधी लक्षात ठेवा. दोघेही वेल्समधल्या कार्डिफचे. फुलबॅक (सर्वांत मागे खेळणारा) जिम सलिव्हन १९२१ मध्ये आला आणि विगनसाठी ७७४ सामने खेळला. त्याचे २,३१७ गोल (लाथ मारून चेंडू खांबांमधून आडव्या दांडीवरून घालणं) आणि ४,८८३ गुण झाले. चॅलेंज कप ही बाद पद्धतीची स्पर्धा; तिचा लंडनच्या वेम्बली मैदानावरचा पहिला अंतिम सामना १९२९ मध्ये विगनने ड्यूजबरीविरुद्ध १३-२ असा जिंकला, तो याच काळात. दुसरं नाव बिली बॉस्टन, विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा. १९५३ मध्ये करारबद्ध झाला आणि ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय (समोरच्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणं). जवळजवळ सामन्याला एक! २०२५ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. रग्बी लीगमधल्या खेळाडूला मिळालेला हा पहिलाच.

जुन्या-नव्या खेळाडूंचे गुण ताडून पाहताना एक काळजी घ्या. १९८३ पर्यंत ट्रायला ३ गुण होते, नंतर ४ झाले. त्यामुळे तुलना गुणांची न करता ट्राय आणि गोल वेगवेगळे मोजून करावी.

आता मुख्य काळ. १९८० मध्ये हाच क्लब खालच्या विभागात घसरला होता. एका हंगामात तो परतला, पण खरा बदल त्या दशकाच्या उत्तरार्धात झाला. इतर संघांतले बहुतेक खेळाडू दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला येत, तेव्हा विगनने पूर्णवेळ पगारी खेळाडू ठेवायला सुरुवात केली. माझ्या मते पुढच्या यशाचं सर्वांत मोठं कारण हेच. सराव ताज्या अंगाने होतो, दुखापतीवर वेळेत उपचार होतात आणि ८० मिनिटांच्या सामन्यात शेवटच्या वीस मिनिटांत, समोरचा थकलेला असताना, फरक दिसतो. जोडीला प्रशिक्षकही बाहेरून आणले: न्यूझीलंडचे ग्रॅहम लो, मग ऑस्ट्रेलियाचे जॉन मोनी.

फळ काय मिळालं? १९८८ ते १९९५ सलग आठ चॅलेंज कप! कपच्या सामन्यांतली ४३ लढतींची अपराजित मालिका १९९६ मध्ये सॅलफर्डने तोडली, आणि सॅलफर्ड तेव्हा खालच्या विभागात होता.

त्या संघाचा कणा शॉन एडवर्ड्स, हाफबॅक म्हणजे चढाईची आखणी करणारा. १९९० चा चॅलेंज कपचा अंतिम सामना तो गालाचं हाड मोडलेलं असताना खेळला. एलरी हॅन्ली १९८५ मध्ये ब्रॅडफर्डहून आला. ताकद आणि चपळाई एकाच अंगात. विंगर मार्टिन ओफाया जानेवारी १९९२ मध्ये ४,४०,००० पौंडांना, तेव्हाच्या विक्रमी किमतीला आला आणि त्याच मोसमात लीड्सविरुद्ध एकट्याने दहा ट्राय केले. १९९४ च्या चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात त्याने आपल्या ट्राय रेषेजवळून जवळपास अख्खं मैदान धावून केलेला ट्राय आधी पाहा. हा संघ काय चीज होता, ते तेवढ्यावरून कळेल.

हे वर्चस्व कायम का टिकलं नाही? १९९६ मध्ये सुपर लीग ही नवी अव्वल साखळी सुरू झाली, बाकीचे क्लबही पूर्णवेळ झाले आणि नंतर पगारांवर कमाल मर्यादा आली. १९९९ मध्ये जुनं सेंट्रल पार्क मैदानही सुटलं.

तरीही २०२४ मध्ये स्थानिक प्रशिक्षक मॅट पीट यांच्या हाताखाली विगनने चारही करंडक जिंकले: ऑस्ट्रेलियाच्या विजेत्या पेनरिथविरुद्ध १६-१२ ने वर्ल्ड क्लब चॅलेंज, वॉरिंग्टनविरुद्ध १८-८ ने चॅलेंज कप, साखळीतलं अव्वल स्थान आणि हल केआरविरुद्ध ९-२ ने ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचा विजेता ठरवणारा सामना. त्या शेवटच्या सामन्यातला एकमेव ट्राय बेव्हन फ्रेंचचा. आजच्या संघातला एकच खेळाडू निवडून पाहायचा असेल, तर त्याचाच खेळ पाहा.